‘नाशिक जिल्ह्यातून पहिलीच नोंद’ म्हणजे तो कीटक इथे आधी नव्हता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एखाद्या कीटकाची ‘जिल्ह्यातून पहिलीच नोंद’ अशी बातमी आली की तो इथे नव्याने आला असं समजायचं का? आणि सिन्नरकडे तुमच्या बांधावरच्या गाजरगवतावर सापडलेल्या रेघारेघांच्या भुंग्याला मोबाइलमधलं ॲप ‘मेक्सिकन’ म्हणतंय, ते चुकलंय की तुमचीच ती पहिली नोंद ठरेल? आणि तुमच्या टोमॅटोला त्याचा काही धोका आहे का?

आधी भुंग्याचं सांगतो. ॲप बरोबर आहे. मळकट पांढरी पाठ, तिच्यावर गडद तपकिरी उभ्या रेघा, लांबी जेमतेम 6 मिलिमीटर आणि तोही गाजरगवतावर बसलेला, म्हणजे दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी. याचं शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. गाजरगवत म्हणजे आपलं काँग्रेस गवत, 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि बघता बघता देशभर माजलं. ते मूळचं अमेरिका खंडातलं असल्यामुळे त्याला खाणारा किडाही तिकडूनच आणायचं ठरलं. मेक्सिकोहून आणलेल्या भुंग्यांची आधी बंदिस्त जागेत तपासणी झाली आणि 1984 मध्ये ते बंगळूरला मोकळे सोडले. पुढे ते उडत उडतही पसरले आणि माणसांनी डब्यांतून नेऊन सोडल्यामुळेही. आपल्याकडे पहिला दमदार पाऊस झाला की मातीत दडून बसलेले प्रौढ भुंगे वर येतात, पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालतात, आणि त्यांची संख्या वाढली की गवताच्या नुसत्या काड्या उरतात. पाऊस सरला की पुन्हा जमिनीत.

तुमच्या टोमॅटोला त्याच्यापासून धोका नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलावर दिसला आणि मोठा गदारोळ झाला होता. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं की शेजारच्या गाजरगवताचे पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते आणि त्यांच्यामुळे तो ती पानं कुरतडत होता. कीटक कुठे दिसला एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नाही, तो तिथे काय करत होता हेही बघायचं, हे मी या प्रकरणावरून पक्कं धरलं आहे.

आता बातमीचं. ‘नवीन’ या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि बातमीत त्यांची सरमिसळ होते.

पहिली, विज्ञानालाच नवीन प्रजाती. तिला तोवर नावच नसतं. ती जवळच्या सगळ्या जातींपेक्षा वेगळी कशी हे दाखवावं लागतं, एक नमुना कायमचा प्रमाण म्हणून जपून ठेवावा लागतो आणि वर्णन रीतसर छापावं लागतं. साताऱ्याजवळच्या थोसेघरचं नाव मिळालेली टाचणी अशी काही वर्षांपूर्वीच जाहीर झाली. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ चुलतबहीण. दुसरी, नाव जुनंच पण ठिकाण नवं: देशातून, राज्यातून किंवा जिल्ह्यातून पहिली नोंद. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही देशातल्या प्राण्यांची पाहणी करणारी सरकारी संस्था दरवर्षी जी यादी काढते तीत नव्या प्रजाती आणि नव्या नोंदी वेगवेगळ्या मांडलेल्या असतात, ते याचसाठी. आणि तिसरी, खरोखर बाहेरून आलेला कीटक. शेतकऱ्याची झोप उडवणारा हाच.

तुम्ही वाचलेल्या बातम्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यांच्याबद्दल माझं स्पष्ट मत असं आहे की जिल्ह्यातली पहिली नोंद कीटकाबद्दल जेवढं सांगते, त्याहून जास्त आपल्याबद्दल सांगते. तिथे पहिल्यांदा कोणीतरी बघितलं, ओळखलं आणि लिहून ठेवलं, इतकाच तिचा खात्रीचा अर्थ. कीटक शंभर वर्षांपूर्वी असेल, हजार वर्षांपूर्वीही असेल.

नाशिकपुरतं बोलू. जिल्ह्याचं क्षेत्रफळ 15,530 चौरस किलोमीटर, तालुके 15. इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर तुमच्या सिन्नरला, पुढे येवल्याला तो 500-600 वर येतो. पश्चिमेला घाटमाथ्याचं जंगल, पेठ-सुरगाण्याचे साग, पूर्वेला माळरान, बोरी-बाभळी, हिवर. मध्ये नांदूरमधमेश्वरची पाणथळ जागा, जी महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून 2020 मध्ये जाहीर झाली. उत्तरेला साल्हेरचा डोंगर 1567 मीटरपर्यंत चढलेला. कीटकांच्या दृष्टीने हे तीन-चार वेगळे प्रदेश आहेत, आपण त्यांना एका जिल्ह्यात बसवलंय इतकंच. म्हणून नोंदीत नुसतं ‘नाशिक’ लिहिलेलं असलं की माझा जीव खाली-वर होतो. घाटातलं पावसाळी फुलपाखरू आणि मनमाडच्या माळावरचा नाकतोडा एकाच नावाखाली आले तर त्या नोंदीचं पुढे काय करायचं?

जुन्या नोंदींत हा घोळ फार आहे. कर्नल स्विनहो हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या 1883 मधल्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी 1885 मध्ये मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांची मोठी यादी छापली. त्या काळच्या कामांत ठिकाण म्हणून ‘बॉम्बे’, ‘दख्खन’, ‘खानदेश’ इतकंच लिहिलेलं बऱ्याचदा सापडतं. नाशिक जिल्हा झाला 1869 मध्ये, खानदेश आणि अहमदनगरचे तुकडे जोडून. त्याआधी मालेगाव-बागलाणचा मुलूख खानदेशात मोडायचा. म्हणजे संग्रहातल्या एखाद्या जुन्या कीटकाला टोचलेल्या पिनेखालच्या चिठ्ठीवर ‘खानदेश’ लिहिलेलं असेल तर तो कीटक आजच्या नाशिक जिल्ह्यातला असू शकतो, जळगावचाही असू शकतो. अशा वेळी ‘जिल्ह्यातून पहिलीच’ हा दावा किती हात राखून करायला हवा ते बघा.

आजही आपण सगळीकडे सारखं बघत नाही. अंजनेरी, त्र्यंबक, इगतपुरी, भंडारदऱ्याचा रस्ता, इथे पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी कॅमेरेवाल्यांची रांग असते. नांदगाव, देवळा, चांदवडच्या माळांवर कोण जातं? आणि जिथे जातो तिथेही ठरावीकच बघतो. अंजनेरीच्या पठारावर खरचुडीची एक जात आहे, कंदिलासारख्या फुलाची, अंजनेरीचंच नाव मिळालेली. तिच्यासाठी लोक लांबून येतात, गुडघ्यांवर बसून फोटो काढतात. या कुळातल्या फुलांचं परागीभवन इवल्याशा माश्या करतात. माशी वासाला भुलून नळीत शिरते, आतले केस खाली वळलेले असतात त्यामुळे तिला परत वर येता येत नाही, मग फूल कोमेजू लागलं आणि केस सैलावले की परागांचा पुंजका अंगावर घेऊन ती सुटते. ती माशी दोन-तीन मिलिमीटरची. फुलाचे फोटो हजारांनी निघतात, त्या माशीचा फोटो मी क्वचितच पाहिला आहे. जगात आजवर सुमारे 10 लाख कीटकांना नावं मिळाली आहेत आणि बिननावाचे त्याच्या कित्येक पट असावेत असा अंदाज आहे. त्यांतले पुष्कळ असे, लोकांच्या नजरेसमोरच असतील.

मग नवा आलेला आणि न पाहिलेला, यांत फरक कसा करायचा? पीक कोणतं, आणि त्यावर रोज नजर कोणाची होती, हे विचारायचं. लष्करी अळीचं उदाहरण घ्या. ही अमेरिकेतली. 2016 मध्ये ती आफ्रिकेत सापडली, 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या मक्यावर, त्याच वर्षी महाराष्ट्रात, 2019 च्या सुरुवातीला चीनमध्ये, 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात. मका शेतकरी रोज बघतो. पोंग्यात भुसा साठलाय, पानांना ओळीने भोकं पडलीत, हे आधी असतं तर दिसलंच असतं. शिवाय नोंदींच्या तारखा एका दिशेने पुढे सरकत जातात. अशी साखळी दिसली की ‘नव्याने आली’ म्हणायला आधार मिळतो. अळी ओळखायला सोपी आहे: डोक्यावर इंग्रजी वायसारखी उलटी खूण आणि शेपटाकडून दुसऱ्या वळ्यावर चौकोनात चार ठसठशीत काळे ठिपके.

टोमॅटोवरच्या टुटाचं तसंच. दक्षिण अमेरिकेतली ही कीड 2006 मध्ये स्पेनला पोचली आणि 2014 मध्ये आपल्याच राज्यात, पुण्याकडच्या टोमॅटोवर भारतात पहिल्यांदा सापडली. तुमच्याकडे टोमॅटो आहे म्हणून हे जरा सविस्तर सांगतो, कारण तिची नेहमीच्या नागअळीशी फार गल्लत होते. पान तोडून उजेडासमोर धरा. नागअळीची वाट बारीक, नागमोडी, पांढरी रेघ असते आणि आत पिवळसर, बिनपायाची माशीची अळी असते. टुटाची अळी पानाच्या आतला गर सलग खाते, त्यामुळे वेडावाकडा, पारदर्शक फोड दिसतो. त्यात काळी विष्ठा एका बाजूला गोळा झालेली असते आणि हिरवट अळीच्या डोक्यामागे गडद पट्टी असते. ती फळातही शिरते. गंमत अशी की नागअळीही परदेशीच आहे, नव्वदच्या आसपास आलेली. पण ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की कोणाला परकी वाटत नाही.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते. तो 2008 मध्ये कोइंबतूरला सापडला. ओळख लगेच पक्की झाली, मूळ मेक्सिकोकडचं आहे हे कळलं, म्हणून त्याच्यावर जगणारी चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी कुठून आणायची हेही कळलं. 2010 मध्ये ती आणून सोडली आणि कीड आटोक्यात आली. नाव आणि मूळ ठिकाण चुकलं असतं तर लोक वर्षानुवर्षं फवारतच राहिले असते. कीटकांच्या नोंदी म्हणजे हौशी लोकांचा छंद, असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

काही कीटक आपणच हिंडवतो. बंगल्यांच्या बागेत शोभेचा सायकस लावायची पद्धत आली, आणि ज्याच्या अळ्या त्याची कोवळी पानं खातात ते छोटं निळं फुलपाखरू, सायकॅड ब्लू, शहरातल्या बागाबागांत दिसू लागलं. उलट काही नुसते वाटसरू असतात. 2020 च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली. त्याची नोंद झाली, पण त्यावरून वाळवंटी टोळ विदर्भाचा रहिवासी ठरत नाही. नकाशावर ठिपका पडला म्हणजे तिथे त्याचं बिऱ्हाड आहे असं नसतं. अंडी, अळ्या, कोष सापडले का, आणि पुढच्या वर्षीही सापडले का, हे बघावं लागतं.

तुमच्या भुंग्याची नोंद ‘पहिली’ ठरणार नाही, तरी ती करा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर टाकता येईल, फुलपाखरांसाठी ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ आहे. पाठीचा, बाजूचा आणि समोरून असे निदान तीन फोटो, फुलपाखरू असेल तर मिटलेल्या पंखांचाही. तारीख, गाव, तालुका, जमल्यास उंची. आणि ज्या झाडावर सापडला त्या झाडाचा वेगळा फोटो, जो लोक हटकून विसरतात. द्राक्षबागेतला खोडकिडा हा मुळात बाभळीचं खोड पोखरणारा भुंगेरा आहे, हे केवळ कोणीतरी झाडांची नावं नीट लिहून ठेवली म्हणून कळतं.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. पुष्कळसे पतंग, बारीक माश्या आणि भुंगेरे फोटोवरून जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत. नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. अशा ठिकाणी ॲपने दिलेलं नाव तसंच ठेवण्यापेक्षा कुळापर्यंत लिहून थांबणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. आणि खरोखरच काही वेगळं हाती लागलं असं वाटलं तर पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे दाखवा. नवीन प्रजाती सापडली तर तिचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करणं जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे बंधनकारक आहे. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून वनखात्याच्या परवानगीशिवाय कीटक उचलायचा नाही, मेलेला असला तरी.

नांदगाव, मालेगाव, येवला, चांदवडकडचं कोणी हे वाचत असेल तर त्यांना एक विनंती आहे. दुर्मिळ काही मिळण्याची वाट बघू नका. बांधावरचं साधं पिवळं फुलपाखरू, रुईवरचा रंगीत नाकतोडा, बाभळीवरचा भुंगेरा, जे रोज दिसतं तेच तारीख आणि गावासकट टाका. तुमच्या तालुक्यांत नकाशा आज कोरा दिसतो, तो तिथे कीटक नाहीत म्हणून नव्हे.