नवा दवाखाना टाकणाऱ्याला
दवाखाना टाकतोयस, चांगलं आहे. पहिल्याच पावसाळ्यात तापाचे पेशंट रांग लावतील आणि निम्मे म्हणतील, "डॉक्टर, एक इंजेक्शन मारा ना." उगाच मारायचं नाही. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलवर भागव. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक अजिबात नको, आणि एनएस-१ ही डेंग्यूची रक्तचाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच करून घे. ताप उतरला की पेशंट खूश होतो, पण खरा धोका बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो. पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, असं काही दिसलं तर तडक हॉस्पिटलात न्यायचं, हे घरच्यांना आधीच सांग. चिठ्ठीवर लिहून दिलंस तर उत्तम.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सिरप बदलत बसू नकोस, क्षय आहे का बघायला थुंकी तपासायला पाठव. क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर होते.

मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागायला ओळखीचेच येतात. सरळ नाही म्हण. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची मात्र वहीत नोंद ठेव. आणि फी सांगायला लाजू नकोस. मी अजून लाजतो, ते सोड.