ध्वनिकलेतील सूक्ष्मजीवांचा आवाज खरा असतो की रचलेला?
काही कलाकृतींत तो जिवंत पेशीच्या प्रत्यक्ष मोजलेल्या कंपनांवर आधारलेला असतो, परंतु आपल्या कानांवर पडणारे त्याचे रूप नेहमीच माणसाने घडवलेले असते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण यीस्टचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत अँड्र्यू पेलिंग, जेम्स गिमझेव्स्की आणि सहकाऱ्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाची (अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या उपकरणाची) सुई यीस्टच्या पेशीभित्तिकेवर टेकवली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ८०० ते १,६०० वेळा, जेमतेम ३ नॅनोमीटर इतकी हलत असल्याचे आढळले. हे संशोधन २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही वारंवारता माणसाच्या श्रवणकक्षेत बसते, मात्र हालचाल इतकी अल्प असते की प्रवर्धनाशिवाय, म्हणजे संकेत अनेक पटींनी मोठा केल्याशिवाय, काहीही ऐकू येणार नाही. तापमान वाढवल्यावर वारंवारता वाढली आणि चयापचय रोखणारे सोडियम अझाइड घातल्यावर कंपन थांबले, म्हणून ते पेशीच्या चयापचयाशी निगडित असल्याचे मानले गेले, आणि माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत बोलका भाग हाच आहे. अशाच पेशीध्वनींतून पेलिंग व कलाकार ॲन नीमेट्झ यांनी ‘द डार्क साइड ऑफ द सेल’ ही ध्वनिकृती साकारली. बुरशीच्या विद्युत्संकेतांवरून सिंथेसायझर वाजवणाऱ्या रचनांना मात्र प्रत्यक्ष मोजलेल्या कंपनांचा हा निकष लागू होत नाही: तेथे चढउतार बुरशीचे असले, तरी सूर, पट्टी आणि वाद्य कलाकारच ठरवतो, त्यामुळे त्यांना ‘बुरशीचे गाणे’ म्हणणे अतिशयोक्तीचे आहे.