सिस्टर, एक विचारू?

प्रश्न : दीड महिन्याची लस देताना माझा मुलगा इतका रडला की श्वास अडकल्यासारखा झाला. सासूबाईंनी त्याला टेबलावर आडवं धरलं होतं आणि मला बाहेर बसवलं होतं. आता अडीच महिन्यांची तारीख आलीये. मला आत्तापासूनच धडकी भरलीये. दुखू नये म्हणून तापाचं औषध आधीच पाजून नेऊ का? — एक आई, कराड

अगं, आधी लसीचं कार्ड उघडून बघ. दीड महिन्याला त्याला तीन सुया बसल्या. डाव्या मांडीत पाच रोगांवरची पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियावरची पीसीव्ही आणि उजव्या दंडावर कातडीतली पोलिओची आयपीव्ही. सरकारी वेळापत्रकात अडीच महिन्यांना सुई एकच, पेंटाची. बाकी तोंडातले थेंब. साडेतीन महिन्यांना मात्र पुन्हा तीन. म्हणजे ही खेप तुझी रंगीत तालीम समज.

औषध आधी पाजू नकोस. त्याने टोचण्याची कळ काही कमी होत नाही. नंतर ताप आला तर तिथले लोक सांगतील तेवढंच द्यायचं.

मी तेहतीस वर्षं एएनएम, म्हणजे गावोगावी लसी टोचणारी सरकारी नर्स होते. त्यातली निम्मी वर्षं तुझ्या सासूबाईंनी केलं तेच मी प्रत्येकीला करायला लावलं. मूल आडवं, पाय आजीच्या हातात, आई दाराबाहेर. वर ‘आत्ता पाजू नको गं, ठसका लागेल,’ हेही मीच सांगायचे. अंगणवाडीत चाळीस बाळांची रांग, पंखा बंद, लसीच्या पेटीतला बर्फ वितळतोय... लवकर उरकायचं एवढंच डोक्यात.

एकदा ऊसतोडीला आलेली एक बाई बाळ घेऊन आली. बाळ भुकेनं आधीच किंचाळत होतं. मी ‘थांब’ म्हणेपर्यंत तिनं भिंतीला पाठ टेकली, बाळाला पदराखाली घेतलं आणि त्याची एक मांडी उघडी करून माझ्याकडे सरकवली. ‘टोचा की आता.’ मी टोचली. बाळानं तोंड सोडलं, खालचा ओठ थरथरला, एकदा केकाटलं आणि परत लुचायला लागलं. गालावर दुधाचा ओघळ तसाच. तिच्या आधी टोचलेल्या बाळाचा टाहो तेव्हाही व्हरांड्यातून ऐकू येत होता. मला माझीच लाज वाटली.

2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लस टोचताना दुखणं कमी कसं करावं ते सांगितलं, त्यातही अंगावर पाजणं आणि जवळ धरून बसणं आहेच. सुई खुपसल्यावर दट्ट्या मागे ओढून बघत बसू नये, जास्त झोंबणारी लस शेवटी द्यावी, हे आम्हा टोचणाऱ्यांसाठी.

तर तू असं कर. थेंब आधी देऊन घे. मग पाच मिनिटं पाजत बस. नीट लुचायला लागला की सिस्टरला मान हलवून खुणाव. त्याचे हात तुझ्या कुशीत आणि मांडी मोकळी. घट्ट चड्डी घालून नेऊ नकोस, काढताना अर्धं रडणं तिथेच होतं. टोचून झाल्यावर लगेच अंगावरून काढायचं नाही. सिस्टर नाहीच म्हणाली तर वाद घालू नकोस. आधी पोटभर पाज आणि टोचताना छातीशी धर. टोचलेली जागा चोळू नका, हळद-चुना तर नकोच. सुजली तर गार पाण्याच्या फडक्याची घडी ठेव. आणि अर्धा तास तिथेच थांब.

सासूबाईंना बाजूला काढू नकोस, कामाला लाव. त्या त्याच्याशी बोलत राहू देत. फक्त तो मोठा झाल्यावर ‘जेवला नाहीस तर सिस्टर सुई टोचेल’ हे वाक्य घरात बंद. माझी अर्धी नोकरी या बागुलबुव्याचं निस्तरण्यात गेली. ‘दुखणारच नाही’ अशी थापही मारायची नाही. ‘चिमटा काढल्यासारखं होईल, मी धरलंय तुला, फुगा फुगवल्यासारखी फुंकर मार,’ एवढं तीन-चार वर्षांच्या मुलाला पुरतं.

प्रश्न : रोज दोनदा इन्सुलिन घेतो. पोटावर टोचतो, फार झोंबतं. एका जागी मात्र अजिबात दुखत नाही, म्हणून तिथेच घेत राहिलो तर चालेल का? — एक आजोबा, वर्धा

नाही चालणार, आजोबा. बोट फिरवून बघा, तिथे मऊ किंवा घट्ट गाठ लागेल. एकाच जागी टोचून टोचून ती होते. दुखत नाही हे खरं, पण तिथलं इन्सुलिन अंगात धड शोषलं जात नाही. मग साखर कधी वर, कधी एकदम खाली. ती जागा सोडा, पण सोडताना डॉक्टरांना सांगा. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर उतरू शकते.

झोंबण्याचं कारण बहुतेक फ्रिज. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्येच हवी, पण टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. स्पिरिट लावत असाल तर पूर्ण वाळू द्या. ओल्यावर टोचलं की आग होतेच. आणि एक सुई किती दिवस वापरता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे म्हणून सांगते, टोक बोथट होतं. दर वेळी नवी सुई घ्या.