नॉर्वेच्या बोटीवर मधल्या बंदरात आपलं आपण उतरून फिरता येतं का, की कंपनीची टूर घ्यावीच लागते?

नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गन ते उत्तरेच्या टोकाला किर्केनेस जाणाऱ्या बोटीबद्दल विचारताय ना, तर आरामात फिरता येतं. एक होनिंग्सवॉग सोडलं तर मी टूरवर पैसे घालणार नाही.

मुळात ही क्रूझ नाही, १८९३ पासून चालणारी लाइन आहे, पूर्वी टपाल न्यायची, माल अजूनही नेते. वाटेत ३४ बंदरं, त्यातली निम्मीअधिक अशी की बोट लागली, फोर्कलिफ्टवाल्याने खोकी आतबाहेर केली, चारदोन गाववाले पिशव्या घेऊन चढले की निघाली पण. तिथे उतरायच्या भानगडीत पडू नका, डेकवरूनच बघा, मला तरी ते बघायला फार आवडायचं.

खरा वेळ मिळतो तो ट्रॉम्सोला, उत्तरेकडे जाताना दुपारचे साधारण चार तास. बोट भर गावातच लागते. आम्ही मार्चमध्ये होतो, फुटपाथवर नुसता काचेसारखा बर्फ, त्यावर खडी टाकलेली तरी पाय सटकतोच. बुटाला खालून चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे मिळतात ते घ्याच, सोबत आईबाबा असतील तर विचारच करू नका. मग सरळ पुलावरून चालत पलीकडे जायचं, पूल किलोमीटरभर लांब, मध्यावर वारा असा की टोपी हातात धरावी लागते. पलीकडे ते फोटोत दिसतं ते पांढरं त्रिकोणी चर्च, आर्क्टिक कॅथेड्रल म्हणतात पण गावाचं खरं कॅथेड्रल पुलाच्या अलीकडच्या बाजूलाच आहे, लाकडी, १८६१ चं, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही बिचाऱ्याकडे. चर्चच्या पुढे थोडं चाललं की रोपवे, तो ४२१ मीटरवर नेतो, पण वर ढग बसलेले दिसले तर तिकीट काढू नका.

होनिंग्सवॉगची टूर मात्र घ्या. नॉर्डकॅप, म्हणजे युरोपचं उत्तर टोक म्हणून दाखवतात तो समुद्रावरचा कडा, तिथून ३४ किमी, आणि हिवाळ्यात शेवटच्या १३ किमीला बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे ठरलेल्या वेळी सगळ्या गाड्यांची रांग निघते, ती चुकली की तुम्ही अडकलात, टॅक्सीवाला काय करणार! टूरची बस त्या वेळा धरूनच निघते.

त्रोंधाइमला निदारोस कॅथेड्रल धक्क्यापासून चालत अर्धा तास. पण जातानाच उरका, परतीला बोट भल्या पहाटे लागते आणि तेव्हा चर्च बंद असतं.

उतरताना दाराशी कार्ड स्कॅन करतात, तिथेच बोर्डावर निघायची वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा कारण बोट लेट असेल तर हीच वेळ बदलते, छापील टाइमटेबल धरून बसू नका. आणि आपलं आपण फिरणाऱ्यासाठी बोट थांबत नाही, राहिलात तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. आम्ही अर्धा तास आधीच परत यायचो, बायको तर पाऊण तास म्हणायची.

बोटीवर कॉफीपासून सगळंच महाग, त्यामुळे उतरलात की सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं, दही भरून घ्या. त्यांचं तपकिरी चीज पण घ्या, गोडसर लागतं, खव्याची आठवण होते. फक्त रविवार आला तर बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारच्या बंदरातच खरेदी उरका.