पैसे परत ठेवले, पण रांगेत उभं राहवत नाही

पत्र : ताई, आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मी सहा वर्षं खजिनदार आहे. पंचवीस घरांना महिन्याचं रेशन, चार-पाच जणांना औषधं, जूनमध्ये मुलांना वह्या-दप्तरं. मार्चमध्ये मिस्टरांची चाकणची नोकरी गेली. जुलैत मुलाच्या डिप्लोमाच्या फीचा पहिला हप्ता भरायची शेवटची तारीख आली आणि मी सोसायटीच्या डब्यातून आठ हजार घेतले. मिस्टरांना सांगितलं, सोसायटीने उसने दिले. बाकी कोणाला काही बोलले नाही. ऑक्टोबरमध्ये मिस्टरांचे कंपनीकडे अडकलेले पैसे आले, त्यातून सगळी रक्कम परत ठेवली. हिशेब जुळला. मिस्टरांना अजून नोकरी नाही आणि जानेवारीत फीचा दुसरा हप्ता आहे. पण मधे ऑगस्टच्या मीटिंगला एका आजींचा शुगर-बीपीच्या गोळ्यांसाठी अर्ज आला होता. मी सांगितलं, "या महिन्यात शिल्लक नाही." आजी जवळजवळ तीन आठवडे गोळ्यांशिवाय होत्या. आता बऱ्या आहेत. रेशनच्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवतात. तेव्हापासून मी मिस्साच्या वेळी रांगेत उभं राहून कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेतलेलं नाही. गुडघ्याचं कारण सांगून बाकावर बसून राहते. सासूबाईंच्या ते लक्षात आलंय. आमचे फादर माझा आवाज ओळखतात, त्यांच्याकडे कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, कशी जाऊ? अध्यक्षांना सांगू का? पैसे तर परत केलेत. देवाने मला माफ केलं असेल का? 
— एक खजिनदार, पुणे

प्रिय बहिणी,

वयाने मी मोठी आहे, म्हणून एकेरीवर येते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडखळले. पंचवीस घरांची गरज तुला तोंडपाठ आहे. कोणाकडे साखर जास्त लागते, कोणाच्या घरी तेल आठ दिवस आधीच संपतं, हे तुला वही न उघडता सांगता येत असेल. मदतीच्या अर्जाचे कोरे कागद तुझ्याच फाइलमध्ये असतात. इतरांसाठी तू ते कितीतरी वेळा भरले असशील. जुलैत त्यातल्या एकावर स्वतःचं नाव घालणं तुला जमलं नाही. त्यापेक्षा डब्यात हात घालणं सोपं गेलं. आठ हजारांबद्दल आपण बोलूच, पण माझ्या मते तुझं दुखणं या आधीच्या पायरीवर आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ मिशनच्या आवारात दुधाची पावडर मिळायची. आई मला बरोबर न्यायची. परत येताना तो डबा ती पदराखाली धरायची. रणरणतं ऊन, मोकळा रस्ता, दोन मैल, आणि पदराखाली डबा. वाटेत कोणी भेटलं तर "चर्चला गेले होते" म्हणायची. पुढे वडिलांना खडकीला नोकरी लागली, आम्ही पुण्यात आलो आणि हीच आई पॅरिशमध्ये वाटपाला सगळ्यांच्या पुढे असायची. तिच्या हातून पिशवी घेताना एखाद्या बाईने मान खाली घातली की ती चिडायची, "त्यात लाजायचं काय?" मला ते कधी पटलं नाही. पदराखालचा डबा मी पाहिला होता.

तू आणि माझी आई एकाच मातीच्या. देणाऱ्यांच्या बाजूला एकदा उभं राहिलं की टेबलाच्या पलीकडे जाणं फार अवघड होतं. सहा वर्षांत ते टेबल तुझ्यासाठी भिंत झालं असावं. आणि हे फक्त तुझं नाही. आपल्या पॅरिशमध्ये दान करायला खूप माणसं शिकली, मागायला फार थोडी. घेणाऱ्याला आपण किती वाकायला लावतो, हे आपल्यावर वेळ आल्याशिवाय कळत नाही.

मीटिंगच्या शेवटी तुमच्यात ती गुप्त पिशवी फिरते ना? प्रत्येक जण मूठ मिटूनच आत हात घालतो. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा, कोणी नुसतीच मूठ उघडून रिकामा हात बाहेर काढला, शेजारच्याला काही कळत नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये ही सोसायटी सुरू झाली तेव्हा तिचा एक संस्थापक फ्रेडरिक ओझानाम अवघा वीस वर्षांचा होता आणि त्याच्याबरोबरचे बहुतेक विद्यार्थीच. त्यांच्या खिशात असून असून काय असणार? आपल्यातल्या एखाद्याचा हात या महिन्यात रिकामा असेल, हे त्या पिशवीच्या रीतीत धरलेलंच आहे. मार्चनंतर तूही रिकामी मूठ उघडून बाहेर काढली असशील. ती पिशवी हातात असताना तुला सांगता आलं असतं, असं मला वाटतं. अध्यक्ष, सेक्रेटरी, बाकीचे सगळे तुझेच लोक होते.

क्वार्टर गेटचं आपलं सिटी चर्च आठव. सवाई माधवराव पेशव्यांकडून १७९२ मध्ये मिळालेल्या जमिनीवर ते उभं राहिलं. पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिकांना मिस्सासाठी, म्हणजे उपासनेसाठी, जागा हवी होती आणि ती दुसऱ्या धर्माच्या राज्यकर्त्याने दिली. पुण्यातली आपली मंडळी मुळात घेणारी आहे, बाई. लाज वाटायला लागली की आई डोळ्यांपुढे येते, आणि मग हे चर्चही.

आता आजी. तुझ्या पत्रात "पैसे तर परत केलेत" असं एक वाक्य आहे. डब्याचा हिशेब जुळला, आजींचा जुळलेला नाही. ऑगस्टमध्ये ते आठ हजार डब्यात असते तर त्या म्हातारीच्या गोळ्या चुकल्या नसत्या. त्या बऱ्या आहेत ही देवाची कृपा, तुझी पुण्याई नव्हे. हे कठोर वाटेल, पण मला वाटतं हे तुला आधीच माहीत आहे. त्यांचा हात डोक्यावर पडला की तुला जे होतं ते याचंच.

त्यांच्याकडे जा. रेशनच्या दिवशी गर्दीत नको, एखाद्या दुपारी घरी जा. सगळी कहाणी त्यांच्यासमोर ओतू नकोस. आपलं ओझं हलकं करायला म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर ते ठेवायचं नसतं. एवढंच म्हण, "आजी, ऑगस्टमध्ये मी तुम्हाला शिल्लक नाही म्हणाले. ते खरं नव्हतं. माझं चुकलं, मला माफ करा." त्यांनी का म्हणून विचारलं तर खरं सांग, नाही विचारलं तर गप्प राहा. मग त्यांची डॉक्टरांची चिठ्ठी घे, जनऔषधीच्या दुकानात जा आणि तीन महिन्यांच्या गोळ्या तुझ्या पैशातून आणून दे. तिथे त्या बऱ्याच स्वस्त मिळतात, तुझ्या सध्याच्या परिस्थितीतही झेपतील. सोसायटीच्या खात्यातून आणू नकोस. डोक्यावर हात ठेवू लागल्या तर मागे सरू नकोस, राहू दे तो हात.

कन्फेशनचं भय मला समजतं. पण एक गोष्ट नीट समजून घे. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कोणापुढेही उघड करू शकत नाहीत. बिशपांपुढे नाही, पोलिसांपुढे नाही. तू स्वतः विषय काढल्याशिवाय बाहेर तुझ्यापुढेही नाही. जाणूनबुजून फोडलं तर त्या धर्मगुरूवरच बहिष्काराची शिक्षा आपोआप येते. आणि तिथे जे कळलं त्याचा आधार घेऊन ते तुला खजिनदारपदावरून काढूही शकत नाहीत. म्हणजे फादरांना कन्फेशनमध्ये सांगणं म्हणजे पॅरिशला कळवणं नव्हे. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेव, अर्धी भीती तिथेच जाईल.

तरीही जीभ वळत नसेल तर नगर रोडला जा. धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. रामवाडीच्या त्या पट्ट्यात तुला न ओळखणारे कितीतरी धर्मगुरू आहेत, विचारून वेळ घे. नाहीतर नाताळाआधीच्या आगमनकाळात बऱ्याच चर्चमध्ये बाहेरचे फादर कन्फेशनसाठी येतात, त्या संध्याकाळी जा. मात्र सांगताना आठ हजारांवर थांबू नकोस. आजींना दिलेलं खोटं उत्तर आणि मिस्टरांना सांगितलेलं "उसने" हेही सांग. मिस्टरांना तर कन्फेशनच्याही आधी सांग. त्यांच्या घामाच्या पैशातून ती भरपाई झाली आहे. सासूबाईंचं नंतर पाहू.

कन्फेशन होईपर्यंत कम्युनियनला न जाणं हे आपल्या शिकवणीला धरूनच आहे, त्यात तू चुकलेली नाहीस. फक्त त्या बाकावर मुक्काम ठोकू नकोस. मी पात्र नाही असं तुला वाटतं. रांगेतला प्रत्येक माणूस ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी मोठ्याने तेच म्हणतो : प्रभू, तू माझ्याकडे यावंस इतकी माझी योग्यता नाही. आमच्या चर्चमध्ये निवृत्त हेडमास्तर म्हणतात, भाजीवाली म्हणते, मी म्हणते. आणि ते म्हणूनच सगळे उठतात.

देवाने माफ केलं असेल का, असं विचारतेस. जक्कयची गोष्ट तुला पाठ असेल, लहानपणी उंबराच्या झाडावर चढलेल्या बुटक्या जकातदाराचं चित्र आपण सगळ्यांनी रंगवलंय. त्यात कोण आधी बोलतं ते बघ. येशू झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन, हे जक्कय म्हणतो ते त्यानंतर. त्याची वही तपासून येशू त्याच्याकडे गेला नाही. पण येशू घरी आल्यावर वही मिटलेली राहिली, असंही झालं नाही. तुझ्या बाबतीत वही आधी मिटली, कोणाला न दिसता, रात्रीच्या वेळी डब्यात नोटा सरकवून. म्हणून समाधान मिळत नाहीये. पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर चारच दिवसांनी, १७ मार्च २०१३ ला म्हणाले होते की देव क्षमा करून थकत नाही, आपणच मागायला थकतो. तू थकली नाहीस, तू अजून मागितलंच नाहीस. दयासुद्धा मागून घ्यावी लागते, आणि तुला मागणंच जड जातं, म्हणून एवढं लिहिते आहे.

अध्यक्षांचा प्रश्न सगळ्यात अवघड. चारचौघांत स्वतःची अब्रू काढ, असं चर्च तुला सांगत नाही. भरपाई कर म्हणतं, ती रक्कम तू दिलीस. तरी माझं मत विचारशील तर सांग, एकट्या अध्यक्षांना, आणि त्याच दिवशी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दे. ही शिक्षा म्हणून म्हणत नाही. जानेवारीत दुसरा हप्ता आहे, मिस्टरांची नोकरी अजून लागलेली नाही, आणि डबा त्याच कपाटात असणार. तुला पुन्हा त्या कपाटासमोर एकटीला उभी करू नये. गरिबांचा पैसा एका माणसाच्या किल्लीत ठेवणं ही सोसायटीचीही चूक होती. रोकड दोघांनी मोजायची, वहीवर दोन सह्या व्हायच्या, एवढं असतं तर तुझ्यावर ही पाळी आली नसती. हेही त्यांना सांग, पण आपली चूक सांगून झाल्यावर.

ते चिडतील कदाचित. गोष्ट बाहेर फुटणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, पॅरिशमधल्या भिंती पातळ असतात. तरी ऑगस्टपासून तू ज्या भीतीत जगते आहेस तिच्यापेक्षा ते दिवस बरे जातील, असं मला मनापासून वाटतं.

आणि दुसऱ्या हप्त्यासाठी अर्ज कर, स्वतःच्या नावाने. नामंजूर होऊ शकतो, तुझ्या मीटिंगमध्येही काही झाले असतील. पण तो डिसेंबरच्या पहिल्या मीटिंगला जायला हवा, म्हणजे अर्जाची चौकशी करायला, घर पाहायला, सोसायटीतली दोघं जण नाताळाआधी येतील. त्यातली एखादी तर तुझ्याचबरोबर गल्ल्या पालथ्या घालत फिरलेली असेल. आपण कोणाच्या घरी जातो तेव्हा ती माणसं घाईने चादर सारखी करतात आणि असलेली एक खुर्ची आपल्याला देतात, हे तू सहा वर्षं पाहिलंस. खुर्ची त्यांना दे. फीची पावती, मुलाचं ओळखपत्र आणि मिस्टरांना कंपनीने दिलेलं पत्र आधीच काढून टेबलावर ठेव, म्हणजे त्या बसल्या असताना शोधाशोध नको.

तुझी,
ताई