दगड अडखळत नाही

बर्लिनमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : मुलीच्या वर्गाने शाळेजवळच्या एका घरासमोरचे 'श्टोल्परश्टाईन', म्हणजे नाझींच्या बळींची नावं लिहून फुटपाथमध्ये बसवलेले छोटे दगड, पाहून, त्यांवर ज्यांची नावं आहेत त्या ज्यू कुटुंबाची माहिती शोधून काढली. ती हे सगळं पुण्याच्या आजीला मराठीत कळवणार आहे. 'अडखळणारे दगड' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. '-णारा' लागला की ती क्रिया त्या वस्तूने स्वतः करायची असते. रडणारं मूल रडतं, वाहणारं पाणी वाहतं. मग अडखळणारा दगड अडखळायला हवा! हल्ली 'पिणारं पाणी' आणि 'खाणारं तेल' सर्रास कानावर येतं, त्याच रोगाचं हे लक्षण. अडखळतो तो माणूस. दगड ठेच देतो. म्हणून 'ठेचेचा दगड' म्हणा. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ठेच आणि धोंडा ही जोडी ओळखीचीच आहे. फक्त 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण पत्रात नको. त्या कुटुंबाच्या हातून काही चूक झाली होती असा तिचा अर्थ होईल, आणि तो अन्याय आहे.

ठेच, ठेचणे, ठेचा यांचं गोत्र एकच, ते सांगायला नको. मला वेड लावलं ते 'श्टाईन'ने. जर्मन श्टाईन आणि इंग्रजी स्टोन यांचं मूळ घट्ट होणे, गोठणे अशा अर्थाच्या धातूत आहे. संस्कृतात त्याचा भाऊ 'स्त्यै', त्यावरून 'स्त्यान' म्हणजे गोठलेलं. आपलं 'थिजणे' याच घरातलं, असं माझं ठाम मत आहे. 'स्त'चा 'थ' होणं मराठीला नवीन नाही, स्तनाचं थान झालंच की. थंडीत खोबरेल थिजतं, भीतीने नजर थिजते, आणि या हिशेबाने दगड म्हणजे कायमचं थिजलेलं काहीतरी! संस्कृतच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला 'स्टोन हा स्था धातूवरून' असं ठणकावून सांगितलं. स्था म्हणजे उभं राहणं, त्याचं नातं 'स्टँड'शी. दोन अक्षरं सारखी ऐकू आली म्हणून सोयरीक जुळत नाही, हे प्राध्यापकांना तरी कळायला हवं होतं.

याच गृहस्थांचा दुसरा सल्ला : दगड फरसबंदीच्या पातळीतच बसवलेले असतात, पायाला ठेच लागतच नाही, तेव्हा 'स्मृतिशिला' म्हणा. शिला म्हटलं की चौथरा येतो, हार येतो, अनावरणाचा पाहुणा येतो. आणि हा तर जेमतेम १० सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, वर पितळी पत्रा. त्या पत्र्यावरचं एकेक अक्षर हाताने, हातोडीने ठोकून उमटवतात, कारण ज्यांची नावं कोरायची त्यांना यंत्रासारखं मारलं होतं. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला पहिला दगड बसवला, २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा. ज्यूंचे आहेत, ज्यांना जिप्सी म्हणत त्या रोमा-सिंतींचे आहेत, नाझींनी मारलेल्या इतरांचेही आहेत. कुणासाठी दगड बसवायचा हे शोधणारे बहुतेकदा गल्लीतले रहिवासी, शाळेतली मुलं किंवा नातेवाईक. तेच जुन्या नोंदी धुंडाळतात, तेच पैसे उभे करतात. ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये ज्या रात्री ज्यूंची दुकानं, घरं, प्रार्थनास्थळं फोडली त्या रात्रीच्या आठवणीसाठी, लोक फडकं आणि पॉलिश घेऊन फुटपाथवर गुडघे टेकतात आणि काळं पडलेलं पितळ नाव लख्ख दिसेपर्यंत घासतात. पाय लागत नसेल तर ठेच कसली, याचं उत्तर एका शाळकरी मुलाने देऊन ठेवलंय, आणि डेम्निग ते आवर्जून सांगतात : इथे अडखळतं ते डोकं आणि मन.

पाय लागण्यावर खरा आक्षेप म्युनिकमधून आला. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख म्हणाल्या, ज्यांना तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायदळी नकोत. तिथे सार्वजनिक जागेवर हे दगड बसवू देत नाहीत, भिंतीवर फलक किंवा खांब लावतात. पाय लागला की नमस्कार करणाऱ्या आपल्याला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. मला तो पटतो, आणि तरीही नाव वाचायला वाकावं लागतं हेही मला सोडवत नाही.

हां, पत्र. बहुतेक दगडांची सुरुवात 'हिअर वोन्टं' अशी असते. बाई असो वा बाप्या, जर्मन क्रियापद तेच. मराठीत 'राहत होता', 'राहत होती' केलं की लिंग आलंच. 'येथे राहत असे' लिहा, आपल्याकडे हे रूप तयार आहे. शेवटी 'एरमोर्डेट' असेल तर 'मृत्यू पावली' किंवा 'निधन झाले' मुळीच लिहू नका. त्या शब्दात मारणारा आहे, आपल्या 'निधना'त तो गायब होतो. 'ठार मारले' लिहा. काही दगडांवर 'फ्लुख्ट इन डेन टोड' असतं. छळातून सुटायला ज्यांनी स्वतःचा जीव घेतला, त्यांच्यासाठी ते शब्द आहेत. तिथे 'आत्महत्या' लिहून मोकळं होऊ नका. 'मरणात पळून गेली' असं लिहा, आजीला कळेल.