माक्कॉल्ली ‘गाळतात’ की ‘घालतात’?

एका कोरियन मालिकेची मराठी उपशीर्षके करणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, खेड्यातली आजी मातीच्या रांजणातले पांढरट पेय फडक्यातून गाळून पाहुण्यांना वाढते, अशा प्रसंगी इंग्रजी संहितेतल्या ‘राइस वाइन’साठी मराठीत काय लिहावे. त्यांनी आधी ‘आजीने तांदळाची दारू गाळली’ असे लिहिले होते. ते त्यांना स्वतःलाच खटकले, पण का खटकले हे नेमके सांगता येईना. त्या पेयाचे मूळ कोरियन नाव, म्हणजे ‘माक्कॉल्ली’, ठेवायचे झाल्यास ते देवनागरीत कसे लिहावे, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

त्यांचा कान बरोबर आहे, आणि दोष ‘दारू’ या नामापेक्षा ‘गाळली’ या क्रियापदात अधिक आहे. मराठीत ‘गाळणे’ हे क्रियापद चहापासून ताकापर्यंत कशालाही चालते, पण त्याच्या आधी ‘दारू’ हा शब्द आला की अर्थ एकदम बदलतो. ‘दारू गाळणे’ म्हणजे भट्टी लावणे, आंबवलेला रस तापवणे, त्याची वाफ नळीतून नेऊन थंड करणे आणि थेंबाथेंबाने पडणारा अर्क धरणे. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोगही त्याच भट्टीतून आलेला आहे. म्हणून ‘आजीने दारू गाळली’ हे वाक्य वाचणाऱ्याला परसातली हातभट्टी दिसते, आणि पडद्यावर मात्र फडके पिळणारे दोन हात असतात. कोरियन भाषेत या दोन क्रियांना दोन वेगळी क्रियापदे आहेत. फडक्यातून किंवा चाळणीतून गाळण्याला ‘कॉरुदा’ म्हणतात, तर सोजूसारखे ऊर्ध्वपातित मद्य काढण्याला ‘नेरिदा’, म्हणजे शब्दशः ‘खाली उतरवणे’, असे म्हणतात. आपल्याकडे दोन्हींची वाट एकाच क्रियापदातून जाते आणि गोंधळ तिथेच होतो.

योगायोग असा की, ज्या पेयाबद्दल हा प्रश्न आहे त्याच्या नावातच ‘गाळणे’ आहे. माक्कॉल्ली या शब्दाची फोड ‘माक्’ अधिक ‘कॉरुदा’चे नामरूप अशी केली जाते. ‘माक्’चे दोन अर्थ सांगतात : एक ‘जसे जमेल तसे, ओबडधोबड’ आणि दुसरा ‘आत्ताच, नुकतेच’. मला पहिला अर्थ अधिक पटतो, कारण तोच ‘माक्’ इतर अनेक शब्दांत त्याच अर्थाने येतो. ‘माक्साबाल’ म्हणजे रोजच्या वापरातला जाडाभरडा वाडगा, ‘माक्कुक्सू’ म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या साध्या शेवया आणि ‘माक्माल’ (बोलताना ‘मांग्माल’) म्हणजे तोंडाला येईल ते बोलणे. ‘वस्त्रगाळ’ हा आपला जुना, नेटका शब्द आठवला तर माक्कॉल्ली ही त्याच्या उलट, म्हणजे ‘भरडगाळ’ म्हणता येईल. हा शब्द मी केवळ अर्थ समजावण्यासाठी बनवला आहे. उपशीर्षकात तो वापरावा असे सुचवत नाही.

नाव एवढे नेमके का आहे, हे कृती पाहिल्यावर कळते. तांदूळ पाणी निवळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतात, काही तास भिजवतात आणि मग शिजवत नाहीत, तर वाफवतात. त्यामुळे प्रत्येक शीत बाहेरून कोरडे आणि दाताखाली चिवट राहते. या भाताला ‘कोदुबाप’ म्हणतात. तो गार झाला की त्यात ‘नुरुक’ (बुरशी धरू दिलेल्या गव्हाच्या वडीचे विरजण) आणि पाणी घालून हाताने चांगले मळतात. साध्या, एका वेळच्या कृतीत एक किलो तांदळाला साधारण शंभर ग्रॅम नुरुक आणि एक ते दीड लिटर पाणी घेतात. सुरुवातीला भात पाणी पिऊन घट्ट गोळा होतो. दुसऱ्या दिवशी तोच गोळा सैल पडून बुडबुडे यायला लागतात आणि रांजणाला कान लावला तर पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज येतो. आठवडाभराने भाताची शिते पोकळ होतात आणि वर थोडे निवळ पाणी दिसते. त्या वेळी शांतपणे वरची निवळ काढून घेतली तर ती ‘यक्जू’ किंवा ‘छॉंग्जू’, आणि सगळेच ढवळून, फडक्यातून पिळून, पाणी घालून पातळ केले तर ती माक्कॉल्ली. मागे उरतो तो चोथा. न पातळ केलेले मद्य पंधरा टक्क्यांच्या आसपास कडक असते, तर बाजारातली माक्कॉल्ली बहुधा सहा ते आठ टक्क्यांची असते. बाटली थोडा वेळ उभी राहिली की साका तळाशी बसतो, म्हणून वाडग्यात ओतण्यापूर्वी ती हळूच उलटसुलट करून घेतात. (महाराष्ट्रात परवान्याविना घरी मद्य तयार करणे दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, ही कृती शब्द समजण्यापुरती दिली आहे.)

आता ‘वाईन’ या शब्दाकडे वळू. मराठीत ‘वाईन’ म्हटले की द्राक्षेच डोळ्यांपुढे येतात. द्राक्षात साखर आयती असते, तिचे मद्य करायला यीस्ट पुरेसे होते. तांदळात साखर नसून पिष्ट असते. आधी त्याची साखर करावी लागते. बिअरमध्ये हे काम मोड आणलेले सातू आधी वेगळे करून देतात, तर माक्कॉल्लीच्या रांजणात नुरुकमधल्या बुरशी पिष्टाची साखर करत असतानाच यीस्ट त्या साखरेचे मद्य करत असते. म्हणजे ही वाईनही नव्हे आणि बिअरही नव्हे. शिवाय ‘तांदळाची’ हा शब्दही नावात कुठे नाही. 1960च्या दशकात अन्नधान्याच्या टंचाईमुळे दक्षिण कोरियाच्या सरकारने मद्यासाठी तांदूळ वापरण्यास बंदी घातली, तेव्हा कितीतरी वर्षे हे पेय गव्हाच्या पिठापासून होत होते आणि लोक त्यालाही माक्कॉल्लीच म्हणत होते. नाव धान्यावरून पडलेले नसून गाळण्याच्या पद्धतीवरून पडले आहे.

नुरुकसाठी मात्र आपल्याकडे फार चांगला शब्द आहे. नुरुक म्हणजे भरडलेला गहू ओला करून, दाबून, बहुधा पायाने तुडवून केलेली आणि बुरशी धरू दिलेली वडी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकारांचे जे प्रकरण आहे त्यात ‘मेदक’ नावाचे मद्य पाणी, तांदूळ आणि ‘किण्व’ यांपासून करावे असे प्रमाणासह सांगितले आहे, आणि हे किण्व उडीद व तांदूळ घेऊन तयार करून ठेवण्याचे असे. घटक वेगळे असले तरी कामाच्या दृष्टीने नुरुक आणि किण्व एकाच जातीचे आहेत. शास्त्रीय मराठीतला ‘किण्वन’ हा शब्द याच किण्वापासून आलेला आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात बंदिस्त राहिला याची मला खंत वाटते. तरीही उपशीर्षक वाचायला दोन सेकंद मिळतात, तिथे ‘विरजण’ हाच शब्द चालेल. तो लगेच कळतो आणि अर्थही फारसा बिघडवत नाही.

‘दारू’ शब्दाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ औषध असा आहे. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. कोरियन ‘यक्जू’चाही शब्दशः अर्थ ‘औषधी मद्य’ असाच आहे. पण पुढे दोन्ही शब्दांच्या वाटा उलट दिशेला गेल्या. मराठीत ‘दारू’ला कलंक चिकटला आणि ‘दारूडा’ ही शिवी झाली, तर कोरियन भाषेत वडीलधाऱ्यांच्या पिण्याचा उल्लेख आदराने करायचा असेल तर आजही ‘यक्जू’च म्हणतात. त्यामुळे मालिकेतल्या सुनेने सासऱ्यांना ‘यक्जू घेतलीत का’ असे विचारले असेल, तर तिथे ‘दारू प्यालात का’ हे भाषांतर सुनेला उद्धट ठरवते. तिथे नुसते ‘थोडी घेतलीत का’ एवढेच पुरते. मराठीत आदरासाठी नाव टाळण्याची सोय आहेच.

लेखनाविषयी थोडक्यात. इंग्रजी अक्षरांवरून ‘मकजिओली’ किंवा ‘माकगेओली’ असे लिहिलेले दिसते, ते टाळावे. बोलताना मधले व्यंजन ‘पक्का’मधल्या क्कासारखे दाबून येते, नंतरचा स्वर आपल्या अ आणि ऑ यांच्या मधला असला तरी मराठी कानाला ऑ जवळचा वाटतो, आणि शेवटी ल दुहेरी आहे. म्हणून ‘माक्कॉल्ली’ असे लिहावे आणि मराठीत ते स्त्रीलिंगी धरावे, कारण ईकारान्त पेयनाम आपण सहज तसेच वापरतो.

राहिले क्रियापद. कोरियन भाषेत मद्य तयार करण्यासाठी दोन सुंदर क्रियापदे आहेत. ‘पित्ता’ हे क्रियापद मातीची भांडी घडवायला आणि सोंगप्यॉन हे तांदळाच्या उकडीचे सारण भरलेले पक्वान्न वळायलाही वापरतात, म्हणजे आपण मोदक वळतो तसे. 2021 साली दक्षिण कोरियात राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून माक्कॉल्ली तयार करण्याची जी कला नोंदली गेली, तिच्या नावातही पेयापुढे हेच क्रियापद आहे. मराठीत मद्य ‘वळता’ येत नाही, त्यामुळे ते इथे उपयोगी नाही. दुसरे क्रियापद ‘ताम्गुदा’. ते मद्यालाही चालते आणि किमचीलाही, आणि त्याला आपल्याकडे नेमका जोड आहे : आपण लोणचे घालतो. त्याच चालीवर ‘माक्कॉल्ली घालणे’ हे मराठीत सहज बसते. त्यात घरगुतीपणा आहे, मुरण्याचे दिवस आहेत आणि भट्टीचा वासही नाही.

गाळण्याची क्रिया पडद्यावर दिसतच असेल तर ‘गाळून घेणे’ वापरायला हरकत नाही, फक्त सोबत फडके असू द्यावे. ताईंच्या प्रसंगासाठी मी असे लिहीन : ‘आजीने आठवड्यापूर्वी माक्कॉल्ली घातली होती, ती आज फडक्यातून गाळून घेतली.’